कालवा सरकारने काढला, बागायत कोणी केली?

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नीरा डाव्या कालव्यावर आलेला लेख सावकाश वाचला. भाटघर धरणाची जुनी छायाचित्रं लेखकाने कुठून मिळवली कोण जाणे, पण छान आहेत. धरण बांधणारे इंजिनिअर व्हायटिंगसाहेब, विश्वेश्वरय्या, गव्हर्नर लॉईड, वालचंद हिराचंद अशी नावं ओळीने येतात आणि लेख थेट सहकारी कारखान्यांच्या धुराड्यापाशी जाऊन थांबतो. आता हिशेब बघा. कालव्याला पाणी सुटलं १८८५ च्या सुमारास, आणि वालचंदनगरचा कारखाना सुरू झाला १९३४ मध्ये. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांची बोळवण लेखकाने एका वाक्यात केली आहे, की पाणी आलं आणि जिरायत माळ हिरवा झाला. माझे पणजोबा त्याच पन्नास वर्षांत सासवडहून इथे, बारामती तालुक्यात कालव्यावर आले आणि दुसऱ्याच्या रानात पाचटाचं छप्पर घालून राहिले. म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कापायचं झालं तर शेवटून कापा, मधून नको.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी आलं म्हणून लगेच ऊस आला, असं घडलेलं नाही. १८७६-७८ च्या दुष्काळाने सरकारला धडा मिळाला होता. या पट्ट्यात हमखास पाणी असावं, म्हणजे पुढच्या दुष्काळात माणसं जगतील आणि मदतकामांवरचा खर्चही वाचेल, असा तो विचार. वीरजवळ नीरेवर बंधारा घालून कालवा काढला. वर भोर संस्थानच्या हद्दीत वेळवंडीवर भाटघरचं धरण बांधलं, ते १८९२ मध्ये पुरं झालं. सुमारे शंभर मैलांचा कालवा, बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात उतरणारा. आणि त्या पाण्याला गिऱ्हाईक नाही! पाऊस बरा झाला की काळ्या रानातली ज्वारी ओलीवर आपोआप येई, तिला पाणीपट्टी भरून पाणी कशाला द्यायचं? पाऊस हुकला की मात्र सगळे एकदम अर्ज घेऊन कचेरीत. दुष्काळात पुरत नाही आणि सुकाळात खपत नाही, अशी दख्खनच्या बहुतेक कालव्यांची तेव्हा गत होती. सरकारला व्याजाची चिंता लागली होती.

इथले जुने शेतकरी अडाणी, त्यांना पाण्याची किंमत कळली नाही, असं आमच्या सासवडकर मंडळींत अजून तोऱ्यात सांगतात. मला ते कधीच पटलं नाही. तालुक्याचं नाव तेव्हा भीमथडी. याच तालुक्यात सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जरोखे जाळले होते. कागदावर अंगठा उठला की रान जातं, हे ज्यांच्या बापांनी भोगलं, त्यांनी सरकारच्या पाणी अर्जाकडे संशयाने पाहिलं तर त्यात नवल काय? त्यात उसाला भांडवल लागतं. खताला पेंड, बैल, माणसं, चरक, काहील, आणि लागण केल्यापासून गूळ विकेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सगळा पैसा जमिनीत. तीस-चाळीस एकर जिरायत असलेल्या घराकडे जमीन होती, रोकड नव्हती. शिवाय बारमाही पाण्याने काळं रान बिघडतं, अशी एक धास्ती होती. ती किती खरी होती ते पुढे सांगते.

सासवडच्या माळ्यांचं नेमकं उलट होतं. बागायतीचा हात होता, रान नव्हतं. कऱ्हेच्या काठाने आणि विहिरींवर मोटेचं पाणी काढून भाजी, फळं, थोडाफार ऊस करायचा आणि पुण्याच्या पेठेत न्यायचा, असा तो धंदा. सोनखत वापरायला न लाजणारे लोक. पण भावाभावांत वाटे पडत गेले, आणि पुरंदरात पाऊस कमी, विहिरी उन्हाळ्यात तळाला जायच्या. मोटेला बैल लागतात, बैलांना वैरण लागते, वैरणीला पुन्हा रान लागतं. कालव्याचं पाणी उताराने आपण होऊन वाफ्यात येतं, याची किंमत मोट हाकून खांदे गेलेल्या माणसालाच कळणार. १८९७ च्या प्लेगात आमच्या घरातली माणसं गेली, मागोमाग १८९९-१९०० चा दुष्काळ. त्यानंतर पणजोबा, त्यांचे एक चुलतभाऊ आणि दोन्ही घरच्या बायका-पोरं खाली कालव्यावर उतरली. अशी कुटुंबं आधीपासून उतरत होती. एक आला की तो मेहुण्याला बोलावायचा, मेहुणा भाच्याला. सोयरिकीच्या धाग्यानेच सगळी वसाहत झाली.

वसाहत म्हटलं की लोकांना पंजाबातल्या कालवा वसाहती आठवतात. तिथे सरकारने मोजून चौरस पाडले आणि माणसं आणून बसवली. इथे सरकारने कोणालाही बसवलं नाही. जमीन इथल्या पाटील-कुणब्यांची. आलेल्याने ती खंडाने घ्यायची. सालाचा ठराविक खंड रोख द्यायचा, पाणीपट्टी आपण भरायची, पीक आपलं, जोखीमही आपली. मालकाला घरबसल्या जिरायतीपेक्षा जास्त पैसे मिळत, म्हणून तो खूश. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉकची पद्धत आणली. ब्लॉक म्हणजे नेमून दिलेला जमिनीचा तुकडा. एका ब्लॉकला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, ऊस एक तृतीयांश जमिनीत करायचा आणि तो आळीपाळीने फिरवायचा. आपल्या लेखात तिची स्तुती आहे, ती रास्तच आहे. पाण्याची हमी मिळाली म्हणून तर कोणी उसावर कर्ज द्यायला धजावलं. पण त्या हमीवर अंगमोड करणारा माणूस बहुतेक वेळा खंडकरी होता, आणि जमिनीच्या दप्तरात खातेदार म्हणून नाव मालकाचं. खंडाचा करार तोंडी, फार तर साध्या कागदावर. आमच्या घराण्याने तीन गावांच्या शिवारात ऊस केला. त्यातल्या दोन गावांच्या दप्तरात आमचं नावनिशाण सापडत नाही. सातबारा बघून इतिहास लिहिणाऱ्याला आम्ही दिसणारच नाही, आणि त्यात लेखकाचा दोष नाही.

सापडतं ते असं इकडेतिकडे. आमच्याकडे एक वही आहे, मोडीत लिहिलेली. पणजोबांना लिहिता येत नव्हतं. वही त्यांच्या चुलतभावाची, तो चार इयत्ता शिकलेला. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मोडी शिकले ती या वहीपायीच. तिच्यात भावना वगैरे काही नाही. करंजीची पेंड, भुईमुगाची पेंड, दोर, काहिलीचं भाडं, गुळव्याची मजुरी, चरकाची दुरुस्ती, अडत्याची उचल, आणि मधूनच पाटकऱ्याला दिलेल्या गुळाच्या भेलीची नोंद. हा पाटकरी म्हणजे कालव्याचा सगळ्यात धाकटा नोकर, पण चारीचं दार त्याच्या हातात. गव्हर्नरांची नावं धरणांना दिली, पण पाण्याच्या पाळीच्या रात्री आमच्या लोकांच्या दृष्टीने सरकार म्हणजे पाटकरी. १८७९ च्या पाटबंधारे कायद्याने चोरून पाणी घेणाऱ्याला दंड होता आणि पंचनामे होत. त्या भेलीचा अर्थ मी सांगायला नको.

बायकांचं कोणी लिहीतच नाही. पणजी कालव्यावर आली तेव्हा तिच्या कडेवर माझी आजी होती, आणि मी जे सांगते आहे त्यातलं निम्मं आजीच्या तोंडचं. राहायला पाचटाचं छप्पर, उन्हाळ्यात चुलीची ठिणगी उडाली की संपलं. दोनदा छप्पर जळालं, आणि दुसऱ्या वेळी पहिल्यांदा बाहेर काढलं ते बियाण्याच्या उसाचं बेणं, असं आजी हसत सांगायची. उसाच्या टिपऱ्या लावणं, खुरपणं, गुऱ्हाळात चिपाडं वाळवणं, हे सगळं बायकांचं. याशिवाय पाण्याच्या दंडाच्या कडेने घेवडा, मिरची, वांगी, मका लावायची आणि आठवडा बाजारात पाटी घेऊन बसायचं. उसाचा पैसा अडत्याकडे जायचा आणि अडत्याच्या वहीतच राहायचा. पाटीचा पैसा रोज हातात पडायचा, त्यावर घर चाले. आमच्या घरातल्या पुरुषांनी ऊस पिकवला आणि बायकांनी पुरुष पोसले, हे मी आजीच्या तेराव्याला बोलून दाखवलं होतं. दोन काका अजून नीट बोलत नाहीत.

आणखी एक गोष्ट कालव्याबरोबर आली, ती हिवताप. पाझराने साचलेली डबकी, उसाची दाट ओल, वस्ती त्याच्या मधोमध. गावं उंचवट्यावर होती, आलेले लोक मात्र पाण्याला चिकटून राहिले. पोस्टात मिळणाऱ्या क्विनाईनच्या पुड्या घरात मिठासारख्या ठेवलेल्या असत. १९१८ च्या इन्फ्लुएंझात गुऱ्हाळं बंद पडली, ऊस रानात उभा राहिला, तोडायला माणूस नाही. त्या वर्षीची वहीची पानं कोरी आहेत.

गुऱ्हाळावर मी पुस्तकभर लिहू शकते, पण थोडक्यात आवरते. आधी लाकडी चरक होते, मग लोखंडी आले. किर्लोस्करांनी नांगरांसारखेच उसाचे चरकही केले आणि ते या भागात भरपूर चालले. बैलांच्या जोड्या रात्रंदिवस पाळीपाळीने फिरत. पुंड्या ऊस मऊ आणि गोड, म्हणून कोल्ह्या-डुकरांनाही प्रिय. त्याची राखण रामोशी करीत. खतासाठी धनगरांची मेंढरं रानात बसवायची, त्याबद्दल त्यांना धान्य द्यायचं. धनगर पावसाळ्यानंतर ठराविक वाटेने येत आणि त्यांच्याशी बोलणी पणजीच करायची, पणजोबा नाही. रस उकळायला लागला की सगळा जीव गुळव्याच्या हातात. काहिलीत भेंडीचं पाणी घालून मळी काढायची, पाक बोटावर बघायचा आणि नेमक्या क्षणाला काहील उतरवायची. क्षण चुकला की वर्षाचा ऊस काळ्या गुळाच्या भावाने विकायचा. म्हणून गुळव्याला अख्ख्या हंगामात कोणी उलटून बोलत नसे. गूळ बैलगाड्यांनी नीरा स्टेशनात आणि तिथून पुण्याच्या पेठेत. पुढे १९१४ मध्ये दौंड-बारामती छोटी रेल्वे झाली तेव्हा गाड्यांची निम्मी वाट वाचली.

आता ते, जे आमच्या समाजाच्या स्मरणिकांमध्ये येत नाही. हा सगळा ऊस माळ्यांनी एकट्यांनी केला नाही. चर खणणं, पाचट काढणं, तोडणी, चुलवणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडं टाकणं, ही कामं महार आणि मांग मजुरांनी केली. त्यांतले बरेच माणदेशाच्या कोरड्या गावांतून आलेले, म्हणजे आमच्यासारखेच परगावचे. चुलवणासमोरची जागा गुऱ्हाळातली सगळ्यात वाईट. वहीत गुळव्याचं नाव आहे, अडत्याचं आहे, बैलांचीसुद्धा नावं आहेत. या मजुरांपुढे मात्र नुसता जातीचा उल्लेख आणि आणे. आमच्या घरात सत्यशोधक विचार होता. लग्नं भटजीशिवाय लागत, जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ पुरंदरातल्या खानवडीशी जोडलेलं, याचा कोण अभिमान! आणि त्याच घरात चुलवणावरच्या माणसाला पाणी वरून ओंजळीत घालत. आजीने मला हे सांगितलं तेव्हा ती खजील वगैरे झाली नाही, तेव्हा तसंच असायचं, एवढंच म्हणाली. मी ते इथे लिहिते, कारण आम्ही न लिहिल्यास ते कोणाच्याच लिहिण्यात येणार नाही.

गावाने आम्हाला कसं वागवलं? वाईट नाही, पण गावाचे म्हणून कधीच नाही. भादवी पोळ्याला आधी पाटलाचे बैल, मग मानकऱ्यांचे, मग बाकी गावकऱ्यांचे, आणि सगळ्यांत मागून आमचे. बैल आमचे चांगले असायचे, हा त्यातला विनोद. यात्रेत वर्गणी पूर्ण घ्यायची, पालखीला खांदा द्यायचा मान नाही. मुलांना शाळेत घ्यायला हरकत नव्हती, पण पोरं वस्तीवरून दोन-तीन मैल चालत येणार कधी आणि राखणीला परत जाणार कधी? सोयरीक या गावातल्या कोणाशी होण्याचा प्रश्नच नव्हता. मुली सासवडहून करून आणायच्या नाहीतर कालव्यावरच्याच दुसऱ्या वस्तीवर द्यायच्या. वर्षातून एकदा मात्र गाव आपल्याकडे चालून यायचं. सोपानकाकांची पालखी सासवडहून निघते आणि नीरेच्या खोऱ्यातून सोमेश्वर, बारामती करत अकलूजकडे जाते. आषाढीच्या आधी आमच्या वस्त्यांची सगळी माणसं वाटेवर. कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोणाचा वाटा विकला, कोणाची मुलगी लग्नाची, हे सगळं तिथे कळायचं आणि ठरायचंही. माझ्या आजीचं लग्न असंच दिंडीच्या मुक्कामी ठरलं.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला सगळा कारभार अडत्याच्या उचलीवर. ज्याने पेंडीला पैसे दिले त्यालाच गूळ घालायचा, भाव तो म्हणेल तो. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी मुंबईत सहकारी बँक काढली, तिच्याकडून पुढे इथल्या ऊस सोसायट्यांना कर्ज मिळू लागलं. या खोऱ्यातल्या सहकाराचा इतिहास सांगताना लोक १९५० च्या आसपास सुरुवात करतात. त्याच्या कितीतरी आधी पेंडीसाठी कर्ज काढणाऱ्या या सोसायट्या इथे होत्या. खंडकऱ्याला मात्र तारण द्यायला जमीन नव्हती, त्यामुळे त्यातल्या कित्येकांचा अडत्या काही सुटला नाही.

आता त्या धास्तीबद्दल. उसाला पाणी किती द्यावं याची समज मोटेवर शिकलेल्या माणसाला असायला हवी होती. पण मोटेचं पाणी मोजून मिळतं आणि पाटाचं पाणी पाळी आली की मिळतं. पुढची पाळी वेळेवर येईल का, या भीतीने जो तो भरपूर घेऊन ठेवी. खोल काळ्या रानात निचरा नाही. काही वर्षांत सखल भागातली रानं उपळट झाली, पांढरा खार फुटला, चोपण पडलं. बारामतीच्या बाजूला विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत हे इतकं वाढलं, की सरकारला इंग्लिस या इंजिनिअरसाहेबांच्या हाताखाली निचऱ्याचा अभ्यास करायला वेगळी यंत्रणा लावावी लागली. खंडकऱ्याने काय केलं? मुदत संपली की रान सोडलं आणि दुसरं घेतलं. खाराचं रान मालकाच्या गळ्यात. आमच्या पणजोबांनीही असं एक रान सोडलं. मालकाच्या नातवाचा नातू माझ्या वर्गात होता, आणि त्या तुकड्यात अजून धड काही येत नाही, हे त्याच्या बापाने मला शाळेच्या सभेत सगळ्यांसमोर सुनावलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्याचा जमिनीवर पाच-सहा वर्षांपलीकडे हक्क नाही त्याने चर खणून निचरा करावा, ही अपेक्षा मला तरी अवास्तव वाटते. दोष द्यायचाच तर मालक खंड वाढवत होता, सरकारला पाणीपट्टी हवी होती आणि आम्हाला ऊस. तिघांनी मिळून ते रान घालवलं.

रानं बिघडू लागली तसे आमच्यातले निम्मे लोक पुन्हा उठले. नगर जिल्ह्यात गोदावरीचे कालवे झाले होते, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांना पाणी खेळलं. आमची एक शाखा कोपरगावकडे गेली, एक बेलापूरकडे. इकडे भाटघरला लॉईड धरण नव्याने उंच बांधलं आणि नीरा उजवा कालवा फलटण संस्थानातून माळशिरसकडे निघाला, तशी तिसरी शाखा तिकडे. नवा कालवा, पुन्हा पाचटाचं छप्पर, पुन्हा खंड. लोक म्हणतात सासवडचे माळी पाण्याच्या मागे गेले. माझ्या मते ते जमिनीच्या मागे गेले, ती शेवटपर्यंत फार थोड्यांना मिळाली.

१९२९ नंतरच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले आणि पुष्कळ घरं बसली. आमच्या आजोबांनी मात्र त्याच काळात, पडत्या भावात, एक तुकडा विकत घेतला. त्या तुकड्यामुळे आम्ही आज इथले आहोत. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि गुळापेक्षा साखरेत पैसा दिसू लागला. त्याच वर्षी पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं, आणि पुंड्याच्या जागी जावाकडून आलेला पीओजे जातीचा ऊस शिवारात दिसू लागला. आणि त्याच वर्षी सासवडच्या माळ्यांनी आपसांत भाग गोळा करून माळशिरस तालुक्यात दि सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी करायला घेतली. १९३४ ला तिचं गाळप सुरू झालं आणि त्या ठिकाणाला माळीनगर म्हणू लागले. शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांच्या पैशावर काढलेला हा कारखाना सहकारी कारखान्यांच्या कितीतरी आधीचा. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. वालचंदशेठ मोठेच होते, त्यांच्याबद्दल चार परिच्छेद आहेत त्याला माझी ना नाही. पण एक ओळ माळीनगरला द्यायला काय हरकत होती?

त्यानंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लांबवत नाही. एवढंच नोंदवते की १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली, तेव्हा ज्यांनी या कालव्यावर पहिला ऊस केला त्यांतल्या पुष्कळांच्या हातात कूळ असल्याचा एकही पुरावा नव्हता. मालकांनी आधीच रानं काढून घेतली होती किंवा खंड कागदावर कधी आलाच नव्हता. ज्या मजुरांनी चुलवणं पेटवली त्यांचा तर या कायद्याशी काही संबंधच आला नाही.

माझी विनंती अशी. लेखमालेचे अजून भाग यायचे आहेत असं दिसतं. लेखकाने पाटबंधारे खात्याच्या जुन्या कागदांकडे वळावं. पाण्याचे अर्ज, ब्लॉकच्या नोंदवह्या, चोरीच्या पाण्याचे पंचनामे, असा पसारा जुन्या कचेऱ्यांत आणि कालव्याच्या बंगल्यांत जिथे कुठे उरला असेल तिथे तो वाळवी लागण्याआधी बघायला हवा. सातबारावर नसलेली माणसं पंचनाम्यात सापडतात, कारण दंड मालकाला नाही, पाणी फोडणाऱ्याला होत असे. गुळाच्या अडत्यांच्या घरांतल्या चोपड्याही पाहायला हव्यात. त्यांच्या वारसांना संकोच वाटत असेल तर नावं झाकून छापा.

दुसरं, आपल्या वाचकांत ज्यांच्या आज्या-पणज्या या कालव्यावर तोडणीला, चुलवणाला, राखणीला आल्या, ज्यांची मेंढरं या रानांत बसली, त्यांनी लिहावं. ते आमच्याविषयी गोड लिहितील अशी माझी अपेक्षा नाही. जागा मात्र मोकळी ठेवा. माळी समाजाच्या स्मरणिका माझ्याकडे भरपूर आहेत, त्या आणखी पाठवू नयेत.

कोणाकडे मोडीतले जुने कागद असतील तर वाचून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको, फक्त अक्षर बरं असू द्या. आमची वही कोणाला पाहायची असेल तर संपादकांकडे माझा पत्ता आहे. घरी यावं लागेल, दुपारी चारनंतर. कुरिअरने ती मी कोणालाही पाठवणार नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. बारामती, जि. पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये)